निर्धूम महाराजांचा सातवा पडदा

फर्निचरचं ते दुकान चालू होतं तेव्हा त्याच्या दारात एवढी गर्दी कधी झाली असती, तर ते बंद पडलंच नसतं. दुपारचे तीन वाजले होते. स्वेटर, शाली, कानटोप्या घालून शे-दीडशे माणसं दाराकडे सरकत होती. सहा दिवसांपूर्वीच्या वादळाने विजेचे खांब लोळवले होते, मोबाइल मुके केले होते आणि मागे बोचरा गारठा ठेवून दिला होता. त्या दुकानाच्या हॉलमध्ये मात्र ऊब होती, आणि तीही फुकट. पहिल्या दिवशी लोक उबेसाठी आत गेले. दुसऱ्या दिवसापासून देवासाठी जायला लागले, आणि दाराशी ठेवलेली दानपेटी भरायला लागली.

आत गेलेला माणूस तासाभराने बाहेर येई तो डुलतच. कुणाला वारलेले वडील दिसलेले असत, कुणी जमिनीपासून वीतभर वर तरंगलेलं असे. त्या दिवशी निवृत्त पोस्टमास्तर दोघांच्या खांद्यावरून बाहेर आले, गटाराच्या कडेला वाकले, भडाभडा ओकले आणि तोंड पुसत आनंदाने ओरडले, "गेलं! चाळीस वर्षांचं पाप गेलं!"

"दुपारची भाजी गेली, मास्तर," समोरच्या टपरीतून आवाज आला.

तो आवाज कडकताईचा. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. बाकी सगळी गल्ली तिला कडकताई म्हणायची. एक तर तिची इस्त्री कडक, आणि दुसरं, तिची जीभ त्याहून कडक. वीज गेल्यावर गल्लीतले सगळे इस्त्रीवाले हात बांधून बसले, हिने माळ्यावरची जुनी पितळी कोळशाची इस्त्री खाली काढली. तीन बाजूंनी उघड्या टपरीत उभी राहून ती दिवसभर शर्टांवर शर्ट मारत होती आणि समोरचा चमत्कार फुकटात बघत होती.

चमत्काराचे धनी होते निर्धूम महाराज. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी कुठूनसे उगवले. अंगावर पांढरी शाल, आवाज लोणकढ्या तुपासारखा. आत हॉलमध्ये पाच मोठ्या शेगड्या पेटलेल्या. दार लावायच्या आधी महाराज रोज तोच पाढा म्हणायचे आणि तो रस्त्यावर ऐकू यायचा.

"बाळांनो, धूर दिसतो का?"

"नाही!"

"वास येतो का?"

"नाही!"

"डोळे चुरचुरतात का?"

"नाही!"

"मग हा अग्नी कसला?"

"निर्धूम!"

"धूर हे अग्नीचं पाप. जिथे धूर नाही, तिथे पाप नाही. आता या शुद्ध अग्नीसमोर बसा. ज्याचं डोकं जड होईल, त्याने समजावं की आतलं पाप हललं. त्याने उद्या आणखी पुढे बसावं. आणि ज्याला काहीच होणार नाही..." इथे महाराज खिन्न हसत. "त्याला दाराजवळची जागा आहेच."

दाराजवळ बसायला अर्थातच कुणी तयार नसे.

"मुरलेल्या कोळशाला धूर कधी होता रे बाबा?" कडकताई इस्त्रीत फुंकर घालत पुटपुटे. कोळसे बाहेर रस्त्यावर पेटवायचे, धूर संपून ते लालबुंद झाले की मगच इस्त्रीत भरायचे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागते. हे तिला लग्नाच्या आठव्या दिवशी सासूने शिकवलं होतं. त्यात देव कुठे होता? "विजेची इस्त्री घेण्याआधी पंधरा वर्षं कोळशापुढे उभी होते. देव सोडा, देवाचा शिपाईसुद्धा दिसला नाही मला. एवढी का मी पापी?"

हा विनोद ती चार दिवस करत होती. पाचव्या दिवशी तिला हसू येईना, कारण पहिल्या रांगेत, शेगडीला अगदी लागून, तिची नणंद बसायला लागली होती.

धाकटी म्हणजे नवऱ्याची एकुलती एक बहीण. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न लावण्यापर्यंत सगळं वहिनीनेच केलेलं. आता सातवा महिना लागला म्हणून ती माहेरी आली होती. गेल्या वर्षी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे आणि ती दुसरं काही आठवत नसे.

"पुन्हा ओकलीस?" त्या संध्याकाळी कडकताईने विचारलं.

"सातव्या महिन्यात होतं असं."

"डोकं?"

"ठणकतंय. पण बाहेर आलं की अर्ध्या तासात उतरतं. महाराज म्हणाले, बाळावरचं सावट हलतंय."

"बाहेर आलं की उतरतं ना? मग आत कशाला मरायला जातेस?"

"वहिनी!" धाकटीचे डोळे भरून आले. "तुम्हाला सगळी थट्टाच वाटते. मला आत रडणं ऐकू येतं. तान्ह्या बाळाचं. रोज येतं."

कडकताईचा नवरा विजेचा लाइनमन. वादळापासून खांबांवरच होता, घरी कपडे बदलायला यायचा तेवढाच. सांगणार कुणाला? सकाळी तिने धाकटीला हाताला धरून दवाखान्यात नेलं. दवाखान्यात ही रांग लागलेली. डॉक्टरीणबाईंनी बोटाला चिमटा लावला. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"ऑक्सिजन छान आहे," त्या म्हणाल्या. "पाणी जास्त प्या, आराम करा." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो अठ्ठ्याण्णव दुपारपर्यंत महाराजांच्या कानावर गेला. "पाहिलंत?" ते गर्दीला म्हणाले, "डॉक्टरांच्या यंत्रानेसुद्धा मान डोलावली! शंभराला दोनच कमी! ते दोन या अग्नीपुढे भरून निघतील." टाळ्या पडल्या. कडकताईने एका बिचाऱ्या पायजम्यावर इस्त्री अशी आपटली की कोळसे उडाले.

त्याच सकाळी महाराजांचा चष्मेवाला चेला हातगाडीवर ओले पडदे घालून टपरीवर आला होता. वादळाने हॉलच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या होत्या, म्हणून सातही खिडक्यांना जाड कॅनव्हासचे, आतून अस्तर लावलेले पडदे खिळ्यांनी ठोकले होते. छपराची गळती होऊन ते भिजले होते.

"तीनच्या आत वाळवून, इस्त्री करून पाहिजेत. पडद्याशिवाय बैठक बसत नाही."

"का? देव लाजतो?"

"गारठा आत येतो, कडकताई."

"एवढं जाड कापड आज वाळत नाही. उद्या दीडपर्यंत घेऊन जा."

त्या दुपारी बैठक पडद्यांविना झाली. शेगड्या त्याच, कोळसा त्याच वखारीतला, महाराजांचा पाढाही तोच. तास गेला, दीड तास गेला. कुणाचे वडील आले नाहीत, कुणी तरंगलं नाही. पोस्टमास्तर तर जांभया देत होते. धाकटीला न्यायला आलेली कडकताई दारात उभी राहून हे बघत होती.

"महाराज, आज दर्शन का नाही?" कुणीतरी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले, उघडले आणि बोट सरळ दाराकडे रोखलं. "ती बाई. तिच्या मनातला धूर इथे पसरलाय."

दीडशे माना वळल्या. दोघा-तिघांनी कडकताईला धरून रस्त्यावर आणून सोडलं. सगळ्यात वाईट म्हणजे, धाकटी मान खाली घालून आतच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडदे इस्त्रीला घेतले. सहा पडदे मुकाट्याने झाले. सातव्यावर इस्त्री अडखळली.

पडद्याच्या मधोमध वीतभर लांबीची आडवी चीर होती. फाटलेलं कापड कडकताईला नवीन नव्हतं; फाटका कपडा घेताना गिऱ्हाइकाला दाखवून घ्यायचा, हा टपरीचा नियम. पण ही चीर फाटलेली नव्हती. दोन्ही कडा आत दुमडून बारीक हातशिलाईने पक्क्या केलेल्या होत्या, शर्टाच्या काजासारख्या. उंदीर कुरतडतो, खिळा टरकावतो. पण नंतर बसून काठ शिवून कोण देतं?

तिने पडदा टपरीच्या खांबाला खिडकीसारखा लटकवला आणि त्यापुढे स्टुलावर पाठ करून बसली. मग मान मागे वळवली. चीर बरोबर नाकासमोर आली.

चेला पडदे न्यायला आला तेव्हा तिने अगदी साळसूद चेहरा केला. "हा एक जरा विरलाय वाटतं?"

"तो जपून द्या. महाराजांच्या आसनामागचा आहे तो," चेला म्हणाला. "आणि आज लवकर घरी चल म्हणून आग्रह करू नका हं नणंदबाईंना. आज महाबैठक आहे. चार तास. पहिल्या रांगेतल्यांसाठी दारही उघडायचं नाही मध्ये."

तो वळताच कडकताईने इस्त्रीतले कोळसे मातीत ओतले आणि दवाखाना गाठला. रांगेतल्या सोळा माणसांच्या शिव्या खात ती थेट आत शिरली.

"बाई, एकच प्रश्न. पडदे लावले की देव दिसतो, काढले की दिसत नाही. आणि महाराज स्वतः बसतात ते भोक पाडलेल्या पडद्यापुढे. हा काय आजार आहे?"

डॉक्टरीणबाईंनी त्रासून वर पाहिलं. मग त्यांची नजर बदलली. "आत काय जळतं?"

"कोळसा. पाच शेगड्या."

"आणि पडदे लावल्यावर वारा कुठून येतो?"

"येतच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तरीच. चार दिवसांत डोकेदुखीचे तीस पेशंट आले. थंडीचं असेल, उपाशीपोटाचं असेल, म्हणून मी गोळ्या देत राहिले. एकालाही विचारलं नाही की दुपारी कुठे बसता. कार्बन मोनॉक्साइड आहे तो, कडकताई. कोळसा जळताना निघतो. धूर नाही, वास नाही, रंग नाही. मुरलेला लाल कोळसासुद्धा सोडत असतो."

"पण धाकटीचा अठ्ठ्याण्णव आला होता!"

"तो चिमटा फसतो. बसच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा हा वायू रक्तात ऑक्सिजनच्या जागा धरून बसतो आणि उठता उठत नाही. चिमट्याला दिसतं, सगळ्या सीटा भरल्यात. कोण बसलंय ते त्याला कळत नाही." त्या एकदम उठल्या. "तुमची नणंद कुठे आहे आत्ता?"

"दुपारी जेवू घालून घरी झोपवलीय."

"पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त भोवतो. आईला नुसतं डोकेदुखीवर निभावेल, बाळाला निभावेलच असं नाही. तिला घराबाहेर पाऊल टाकू देऊ नका. फोन बंद आहेत, मी स्कूटरवर अग्निशामक केंद्रात जाते."

कडकताई घरी पोहोचली तेव्हा अंथरूण रिकामं होतं. तीनला दहा मिनिटं कमी होती.

ती धावत हॉलच्या दारात आली. शेगड्या आज दुपारपासूनच पेटवून ठेवलेल्या होत्या, पडदे ठोकून झाले होते, लोक जागा धरत होते. पहिल्या रांगेत धाकटी पोटावर हात ठेवून बसली होती. कडकताईच्या ओठांवर ओरडणं आलं होतं, "विषारी वायू आहे, पळा!" पण कालच इथून तिची उचलबांगडी झाली होती. आज ओरडली तर पुन्हा तेच होईल आणि दार तिच्या तोंडावर लागेल. तिने श्वास आवरला, पदर सावरला आणि सरळ महाराजांच्या आसनापुढे जाऊन हात जोडले.

"महाराज, माझं चुकलं."

मागच्या रांगांतल्या माना उंचावल्या.

"माझ्या मनात धूर होता, खरंच होता. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता एकच मागणं आहे."

"माग, माई," महाराज विरघळले.

"तुम्हीच सांगता, अग्नीच्या जितकं जवळ तितकं पुण्य जास्त. मग सगळ्यांत पुण्यवान जागा पहिल्या रांगेतली, शेगडीला लागून. ती आमच्या धाकटीला देता आणि स्वतः तिथे मागे, खिडकीशी, गारठ्यात बसता. हे बघवत नाही हो! आज तुम्ही पुढे बसा. धाकटी तुमच्या आसनावर बसेल. तुमच्या आसनाचा स्पर्श झाला की बाळाचं भलंच होईल."

"वा! वा!" पोस्टमास्तरांना भरून आलं. "खरंच की! महाराजांनी आजवर स्वतःला मागे ठेवलं!"

"नको, नको, माझी जागा सेवकाची..."

"आम्ही नाही ऐकणार!" गर्दी उसळली. "महाराज, पुढे! महाराज, पुढे!"

महाराजांनी चेल्याकडे पाहिलं. चेल्याने छताकडे पाहिलं. चार हातांनी प्रेमाने धरून महाराजांना पहिल्या रांगेत शेगडीपाशी बसवलं आणि धाकटीला आसनावर. कडकताईने दार लोटलं, पण कडी मात्र स्वतःच्या मुठीत ठेवली. मनात आकडे मोजत होती. शंभराच्या वर जायचं नाही, हे तिने ठरवलं होतं.

"महाराज, धूर दिसतो का?" तिने दारातून गोड आवाजात विचारलं.

महाराज शेगडीपासून इंचभर मागे सरकले. "नाही."

"वास येतो का?"

"नाही..."

"आज चार तास ना?"

महाराजांच्या कपाळावर घाम उभा राहिला. वायू अजून त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलाही नसेल. त्यांना घाम फोडला तो माहितीने. त्यांनी शाल सैल केली. मग नाकावर धरली. मग लाल कोळशांकडे असं पाहिलं, जसं माणूस सुटलेल्या कुत्र्याकडे बघतो.

तेवढ्यात आसनावरून धाकटीचा नवलाचा आवाज आला, "वहिनी, इथे मानेला गार वारा लागतोय! या पडद्याला मागून भोक आहे!"

"दार उघडा!" महाराज ताडकन उठले. "उघडा म्हणतो ना! मारायचंय का मला?"

साठाच्या आकड्यावरच कडकताईने दार सताड उघडलं. "मारायचंय का, म्हणजे? महाराज, कोण मरतं इथे?"

महाराज उत्तर द्यायला थांबले नाहीत. आजवर लोक त्या दारातून डुलत बाहेर यायचे. महाराज पहिलेच होते जे पळत आले. पण कडकताईने आडवा पाय घातला आणि ते बाहेरच्या पायरीवर बसकण मारून थांबले. मागून अख्खी गर्दी बाहेर लोटली. कुणी घाबरून, कुणी नुसतंच काय झालं ते बघायला. कडकताईने धाकटीला दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडे, उघड्या टपरीत नेऊन बसवलं.

अग्निशामकची गाडी आली. जवानाने हातातलं छोटं यंत्र पुढे धरून हॉलचा उंबरठा ओलांडला आणि ते यंत्र असं किंचाळलं की पोस्टमास्तरांनी कान झाकले. त्याने आकडा बघून शीळ घातली. "अर्ध्या तासात पुढची रांग झोपली असती. चार तासांनी उठवायला कुणी राहिलं नसतं." जवानांनी सातही पडदे ओरबाडून काढले आणि सातव्याच्या चिरेत हात घालून सगळ्यांना दाखवलं.

डॉक्टरीणबाई महाराजांपुढे उभ्या राहिल्या. "तुम्हाला हे कुठून कळलं?"

तुपासारखा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पूर्वी शीतगृहावर रखवालदार होतो. थंडीत केबिनमध्ये शेगडी घेऊन बसायचो, आम्ही दोघं. एकदा माझी आई दिसली मला. खरीखुरी. मी दाराशी होतो, कसाबसा बाहेर पडलो."

"आणि दुसरा?"

"तो दाराशी नव्हता."

पोस्टमास्तर हळूच भिंतीला टेकून खाली बसले.

पोलीस महाराजांना आणि चेल्याला घेऊन गेले. तेव्हा डॉक्टरीणबाई पायरीवर चढल्या. "ऐका. वीज यायला अजून दोन दिवस लागतील. गारठा आहे, मलाही वाजतोय. पण शेगडी घरात आणायची नाही, खिडकी थोडी किलकिली ठेवली तरी नाही. जनरेटर गॅलरीत नाही, जिन्याखाली नाही; घरापासून लांब, उघड्यावर. उबेसाठी गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवून बसायचं नाही. गॅसची शेगडी स्वयंपाकासाठी आहे, खोली तापवायला नाही. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकदम दुखायला लागली, मळमळायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. आधी सगळे बाहेर पडा. विचार बाहेर येऊन करा. आणि दवाखान्यात आलात तर सांगा की घरात काय जळत होतं. मी विचारायला विसरले तरी सांगा."

धाकटीला त्या संध्याकाळी मोठ्या इस्पितळात ऑक्सिजन लावला. नर्सने पोटावर यंत्र फिरवलं, तेव्हा बराच वेळ नुसती खरखर आली. कडकताईने धाकटीचा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. मग खरखरीतून टपटप, टपटप असा आवाज आला, घाईघाईचा, आडदांड.

धाकटीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "वहिनी, मग मी रोज ऐकत होते ते रडणं?"

"ते तुझं डोकं होतं, बाई. हवेसाठी हाका मारत होतं." कडकताईने मास्क पुन्हा नीट बसवला. "हे ऐक. हे खरं आहे."

तीन दिवसांनी धाकटी घरी आली. वीज अजून यायचीच होती. दोन दिवसांचे तीन झाले होते. शेजारची मावशी कपाळ चोळत बघायला आली. बसली, हालहवाल झाला आणि मग तिने हळूच मनातलं काढलं. "पण काही म्हण हं, पोरी. पकडले गेले ते ठीक आहे. तरी महाराजांकडे काहीतरी होतं."

"होतं ना, मावशी," धाकटी म्हणाली. "खिडकी होती. आपल्याला तेवढी दिली नव्हती." ती उठली, मावशीला हाताला धरून तिच्याच घराच्या दारापर्यंत घेऊन गेली. आत स्वयंपाकघरात, लोटलेल्या दारामागे, कोळशाची शेगडी लालबुंद मुरलेली होती. "चला, ही आधी अंगणात नेऊ. आणि तुमची खिडकी उघडा."